मैद्याच्या पोत्याचा अंतरपाट

शिरड शहापूरच्या मनकर्णाच्या घरात एखादं खोकं किंवा डबा रिकामा झाला, की तिथून पुढं त्याचा खरा संसार सुरू व्हायचा. रॉकेलचा डबा कापून शेगडी, जुन्या सुतळीचे पाळण्याला दोर, न्हाणीला गोणपाटाचा पडदा. देवसुद्धा सुटले नव्हते. त्यांची स्थापना चहाच्या खोक्यात होती आणि मागं खोक्यातल्याच चंदेरी कागदाची आरास. खंडोबाला सकाळ-संध्याकाळ चहापत्तीचा वास मिळायचा, त्यामुळं उदबत्ती वाचायची. नवरा दगडोबा म्हणायचा, मी मेलो तर मलाबी तू जुन्या सुतळीतच बांधशील. मनकर्णा शांतपणे विचारायची, की जाळायच्या कामाला नवी सुतळी कशाला लावायची.

एकुलती लेक रूपा मात्र या सगळ्याला विटली होती. कळमनुरीकडचं स्थळ जमलं तेव्हा तिनं आईला देवापुढं, म्हणजे खोक्यापुढं, शपथ घ्यायला लावली: लग्नात पोतं दिसता कामा नये. मनकर्णानं शपथ घेतली. घेताना तिचं निम्मं लक्ष खोक्याच्या निखळत आलेल्या खिळ्याकडं होतं.

साल चव्वेचाळीस. लढाई तिकडं लांब आणि कापडाचा दुष्काळ इथं. रूपाचं लुगडं कसंबसं मिळालं, पण अंतरपाटाला कापड काही मिळेना, आणि नवरा-नवरीच्या मधे धरायला कोरं कापड तर हवंच. शेवटी मनकर्णानं माळ्यावरून मैद्याचं एक पोतं काढलं. बाजारातल्या हलवायाकडून ते तिनं गोड बोलून आणलं होतं. मऊ, पांढरं, फक्त मधोमध गिरणीचा निळा हत्ती. तिनं शिवण उसवली आणि पापडखार लावून दोन दिवस हत्ती घासला. सोंड फार चिवट निघाली. विहिरीनं तळ गाठला होता, म्हणून कापड एकाच पाण्यातून काढलं. चुकलं ते तिथंच.

मांडवात मार्तंडभटांनी ओल्या हळदीत बोट बुडवून अंतरपाटावर स्वस्तिक काढलं. पिवळं स्वस्तिक बघता बघता रक्तासारखं लाल झालं. भटजी मंगलाष्टकंच विसरले. नवरदेवाचे काका सोनाजी सकाळपासून रुसायला कारण शोधत होते, ते ताडकन उठले. अपशकुन झाला, वऱ्हाड माघारी न्या, म्हणाले. एका म्हातारीनं तर देवी कोपली म्हणून तिथंच हात जोडले.

मनकर्णापुढं पेच पडला. खरं सांगावं तर शपथ मोडते आणि भर मांडवात अब्रू जाते. गप्प बसावं तर लेकीचं लग्न मोडतं. तिनं पदर खोचला आणि पुढं झाली.

"अपशकुन न्हाई न् काही न्हाई," ती म्हणाली. "मैद्याचं पोतं हाय ते. पापडखारानं घासलंय, पाणी कमी पडलं. खार लागला की हळद लाल होतीच. कोन्याबी बाईला इचारा."

बायकांच्या माना आपोआप हलल्या. अंतरपाटामागून रूपाचं बारीकसं "आई गं" ऐकू आलं. सोनाजी मात्र दुप्पट भडकले. आमचं पोरगं म्हणजे काय भुसाराचा माल आहे, म्हणून त्यांनी मांडव डोक्यावर घेतला.

तेव्हा नवरदेवाची आई सुमनबाई उठली. तिनं कापड बोटांनी चाचपलं, उजेडाकडं धरलं. हत्तीचा एक कान अजून पुसट दिसत होता. मग ती दिराकडं वळली.

"भावजी, बसा खाली. काहून तमाशा करून राहिले? न्हाईतर नवरदेवाच्या बंडीचं अस्तर उलटून दाखवते. तिथं हत्ती अजून अख्खा हाय."

सोनाजी बसले. नवरदेवानं बंडी घट्ट धरली. भटजींना मंगलाष्टकं आठवली, अक्षता पडल्या आणि अंतरपाट खाली आला. रूपा स्वस्तिकापेक्षा लाल झाली होती, पण हसत होती. मनकर्णाचा जीव भांड्यात पडला. तिनं लगेच अंतरपाटाची घडी घालायला हात पुढं केला, तर त्याचं दुसरं टोक विहिणीच्या हातात होतं, आणि विहीण ते सोडायला तयार नव्हती.