समोरच्याची बाजू

वाघमारे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या माझ्या शेडमध्ये पत्र्याच्या दरावरून एका व्यापाऱ्याशी भांडत होतो. फोन बबनरावांचा होता. शेजारचं गोदाम त्यांचं, पण तीन वर्षं आमचं बोलणं बंद. "सर गेलं, राव," एवढंच म्हणाले. मी सौदा अर्ध्यात सोडला... आयुष्यात पहिल्यांदा.

सर पिंपरीत राज्यशास्त्र शिकवायचे. त्यांचे वडील कंपनीत कामगार, घर दोन खोल्यांचं, त्यातली एक भिंत देशादेशांमधल्या करारांच्या फायलींनी भरलेली. मी शिफ्ट संपवून त्यांच्या संध्याकाळच्या वर्गाला बसायचो. भांडण होण्याआधीच दोन देश लिहून देतात, की उद्या वाद झाला तर सैन्य न पाठवता लवादापुढे जाऊ आणि तो सांगेल ते मानू, हे ऐकून मला हसू आलं होतं. "सर, हरलेला मोठा देश कशाला मानेल? त्याला पकडायला पोलीस कुठाय?" सर खूश झाले. "अरे, याच प्रश्नापायी तर एवढ्या फायली जमल्या!" कधी मानत नाहीत, पण पुष्कळदा मानतात, म्हणाले. का, ते दर वेळी वेगळंच निघतं...

पुढे मी स्वतःची शेड टाकली. फाटकासमोरची दहा फूट पट्टी माझी, आणि बबनरावांचे ट्रेलर नेमके तिथंच वळायचे. शिवीगाळ झाली, मी दगड रचून पट्टी अडवली. शेवटी दोघांनी सरांना लवाद नेमलं. माझा हिशेब सरळ होता, सर माझे. त्यांनी तीन खुर्च्या मांडल्या आणि अट घातली: आधी समोरच्याची बाजू मांडायची, तो 'बरोबर' म्हणेपर्यंत. बबनरावांनी माझी बाजू दोन वाक्यांत उरकली, मीही घाईनं 'बरोबर' म्हणून टाकलं. मी मात्र सौद्यांत मुरलेला. गिऱ्हाईक काय बोलणार हे मला त्याच्याआधी कळतं. ट्रेलर हमरस्त्यावर उलटा काढावा लागतो, परवा एक दुचाकीवाला थोडक्यात वाचला, त्यांच्या आजोबांची बैलगाडी इथूनच जायची... सगळं मांडलं. बबनराव बघतच राहिले. "व्हय, बरोबर! मला सोताला एवढं सांगता आलं नसतं." निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

"सर, माझ्याच तोंडानं मला हरवलंत!" मी ओरडलो. तो राग अजून गेलेला नाही. पण दगड मीच उचलले. पुढे एकदा सरांना जुनाच प्रश्न विचारला, तर म्हणाले, "आधी तू का मानलंस ते सांग. मग देशांचं मी सांगतो." मी चहा संपवून निघून आलो. उत्तर राहिलंच.

खरं सांगतो, सरांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी मनात आलं, लवादच उरला नाही, आता अडवू पट्टी. नवी मशिनं आली होती, जागा हवीच होती. निकालाचा कागद काढला. शेवटचं कलम सरांच्या अक्षरात: 'लवाद हयात नसल्यास वाट आहे तशी राहील. बदल हवा असल्यास दोघांनी बसून आधी एकमेकांची बाजू मांडावी.' ते लिहिताना माझ्याकडे बघून हसले होते. "हे कलम नसलं, की एखादा देश लवादाच्या मरणाची वाट बघत बसतो."

गेल्या रविवारी मी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या. तीन. बबनराव आले, रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले, मग घसा खाकरून म्हणाले, "तुमची नवी मशिनं आल्यात. जागा पुरत न्हाई. तीन वर्सं माझ्या ट्रेलरची धूळ खाताय, पर एकदा बी दगड ठेवला न्हाई..." या वेळी दोन वाक्यांत उरकलं नाही. ते बोलत राहिले. मी मुद्दाम 'बरोबर' म्हणत नव्हतो. म्हटलं असतं, तर ते थांबले असते.