मोटर तापली कशानं?

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून मी रोबो निवडला, तेव्हा रोबो म्हणजे काय हे मला नीट माहीत नव्हतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या सरांनाही ते फारसं माहीत असावं असं वाटत नाही, पण त्यांनी माझ्या कागदावर सही केली, त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत पास झालो तर मी घरातला पहिला पदवीधर होणार होतो. नाही तर वर्ष वाया.

माझा रोबो म्हणजे नुसता एक हात. पडद्याची अ‍ॅल्युमिनियमची नळी, एका टोकाला बादलीसारखा टांगलेला स्टीलचा पेला, दुसऱ्या टोकाला उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका दुकानातून आणलेली जुनी मोटर. बटण दाबलं की हाताने पाण्याचा पेला खालून वर न्यावा, एवढीच अपेक्षा.

कात्रपच्या आमच्या खोलीत मी तो ओट्यावर मांडला. हात खालून निघाला, आडवा होईपर्यंत आला आणि तिथेच थांबला. बटण सोडलं की खाली पडायचा, दाबून धरलं की तसाच अधांतरी राहायचा. सिंधी दुकानदाराकडे परत गेलो, तर तो म्हणाला, "उठाएगा साईं, टाइम तो दो उसको." घरी येऊन मी टाइम दिला. मोटर इतकी तापली की जळका वास यायला लागला.

बाबा नुकतेच पाळीवरून आले होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते गोण्या चढवायचे. चहा हातात घेऊन बघत उभे राहिले.

"काय करतंय रं तुझं यंत्र?"

"अडकलंय. मोटर आता काहीच काम करत नाहीये."

मी पुस्तकातलं सांगत होतो. वस्तू हलली नाही तर कार्य शून्य. बाबांनी मोटरला बोट लावलं आणि झटक्यात काढून घेतलं.

"काम करत न्हाई, मग तापली कशानं?"

शाळेत मी मराठीत शिकलो होतो की हमाल डोक्यावर ओझं घेऊन नुसता उभा राहिला तर त्याने केलेलं कार्य शून्य. त्या वाक्याला पूर्ण मार्क मिळायचे. माझ्या वडिलांचा कितीतरी वेळ खांद्यावर गोणी घेऊन, पुढचा माणूस सरकायची वाट बघण्यात जायचा, पण हे वाक्य त्यांच्याबद्दल आहे असं मला कधी वाटलंच नाही. कार्य हा पुस्तकातला शब्द होता, काम हा घरातला. कॉलेजात सगळं इंग्रजीत आलं आणि दोन्हींच्या जागी एकटा 'वर्क' येऊन बसला. तेव्हापासून मी गोंधळलो होतो, फक्त ते मला माहीत नव्हतं.

बाबांनी चहा संपवला. म्हणाले, "आमच्या गेटचा दांडा बघितलायस न्हवं? मागच्या अंगाला दगड बांधलाय, म्हणून म्हातारा वॉचमन एका हातानं उचलतो. तुझ्या दांड्याला मागं काय हाय?"

मागे काहीच नव्हतं. नळी मोटरच्या मागे सरकवून मी तिला शेपूट काढलं, शेपटाला नट-बोल्टची पुरचुंडी बांधली आणि बटण दाबलं. पेला वर गेला. तरफेच्या या नियमाची गणितं मी दोन भाषांत सोडवली होती. तो आमच्या ओट्यावरही चालतो हे मात्र सुचलं नव्हतं.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. हात एकदा वर जाऊन खाली आलेला बघून त्यांनी स्वतःच्या चाव्यांचा जड जुडगा पेल्यात टाकला. मी बटण दाबलं, तर हात पुन्हा आडवा येऊन अडकला.

"आता मोटरचं वर्क किती?"

"झीरो, सर."

त्यांनी जरा वाट बघितली, मग मोटरला बोट लावलं. "मग ही गरम का?"

बाबांचाच प्रश्न. मध्ये पंधरा दिवस गेले होते आणि मी लाजेने तो कुणाला विचारला नव्हता.

"काम करते, सर. कार्य करत नाही."

आमचे सर खाली बघायला लागले. परीक्षक म्हणाले, "दोन्ही एकच की."

"इंग्रजीत एकच आहे, सर."

"बरं, मग वीज जाते कुठे?"

"तापण्यात. काही उचललं जात नाही, पण धरून ठेवायलाही वीज लागते."

त्यांनी चाव्या काढून, झटकून खिशात टाकल्या आणि म्हणाले, "पुढचा."

बरोबर बोललो की वेड्यासारखं, काहीच कळेना. निकाल लागेपर्यंत घरी मी एवढंच सांगितलं, की परीक्षकांनीही बाबांचाच प्रश्न विचारला.

पास झालो. पेढे घेऊन घरी आलो, तेव्हा बाबांनी आधी तेच विचारलं.

"मग काय सांगितलंस, तापली कशानं?"

"काम करत होती म्हणून."

"आन् एवढ्याचे मार्क दिले?"

मी हो म्हणालो. पण ते भौतिकशास्त्राचे दिले की मराठीचे, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.