शेठचा लाडका कलश

शेठच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, व्हर्नियर असे. लग्नाच्या पंगतीत पाण्याच्या पेल्याची जाडी मोजून ते वाढप्याला सांगत, "पत्रा पातळ आहे." चाकणला त्यांचा गाड्यांचे सुटे भाग करणारा कारखाना होता. त्याच्या जोरावर संत तुकाराम नगरातल्या घराचा वरचा मजला त्यांनी सातवाहनकालीन मूर्ती, मणी आणि दिव्यांनी भरला होता. पाहुणा दोन हजार वर्षांचा असेल तरच त्याला वर जागा मिळते, असं त्यांच्या पत्नी म्हणत.

मी तेव्हा उद्योगांच्या बातम्या करत असे. उत्पादनाबद्दल विचारायला गेलो की दहा मिनिटांत आम्ही त्या मजल्यावर असू.

शेठचा सगळ्यात लाडका होता एक काशाचा कलश. संग्रह एका संग्रहालयाला द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली: कलश दालनाच्या दारातच हवा.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होती. संग्रहालयात जाण्याआधी कामगारांनी पाहावा म्हणून शेठनी कलश तिथे आणला. हळदकुंकू मात्र लावू दिलं नाही. नाना हे धातू कातायच्या लेथवरचे सर्वांत जुने टर्नर, मूळचे बीडकडचे. त्यांनी कलशाच्या आत बोट फिरवलं आणि तो हळूच खाली ठेवला. शेठनी दोनदा विचारल्यावर बोलले.

"शेठ, आत रेघा हायेत. समद्या सारख्या अंतरावर. आत्ताच्या मशीनवर हत्यार आपोआप पुढं सरकतं तवाच अशा पडतेत."

शेठनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. इतकी वर्षं याला व्हर्नियर कसा लावला नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "जीव जडला की माप सुटतं, राव."

शेठनीच नेमलेल्या तज्ज्ञांनी कलश खरा ठरवलेला होता. शेठ गप्प राहिले असते तरी चाललं असतं. त्यांनी त्याच दुपारी संग्रहालयाला कळवलं आणि वरच्या मजल्याची किल्ली नानांच्या हातात दिली. नानांनी चार रविवार धातूची एकेक वस्तू पाहिली. शेठ शेजारी चहा घेऊन बसत आणि विचारत, "याला पण डच्चू?" आणखी पाच वस्तू गळाल्या.

दालन ठरल्यापेक्षा लहान झालं. ते उघडल्यावर वर्षभरात शेठ गेले. दारावरच्या पाटीत त्यांच्या नावाखाली तपासणी करणाऱ्याचं म्हणून नानांचं पूर्ण नाव आहे. त्या नावापुढे 'सल्लागार' लिहावं, असं संग्रहालयाने सुचवलं होतं. शेठनी ते खोडलं.

"टर्नरच लिहा. सल्लागार माझ्याकडे आधीपासून होते."