साळवेबाई आणि सैफुलची चौकशी

वकिलांच्या बाररूमचं एक आहे, खटले कधीतरी निकाली निघतात, किस्से मात्र पेंडिंगच राहतात! एक संपतो न संपतो तोच चहाबरोबर दुसरा येतो. आमच्या नगरच्या बाररूममध्ये सध्या निम्मे किस्से साळवे वकीलबाईंचे आहेत, आणि तेही एकाच केसमधले.

केस सैफुलची. मूळचा पश्चिम बंगालचा, बरीच वर्षं नागापूर एमआयडीसीत वेल्डर. 'बांगलादेशी' म्हणून पोलिसांच्या एका पथकानं त्याला उचललं आणि सीमेपलीकडे ढकलून दिलं. बायको रुबिना लेकीला कडेवर घेऊन बाईंकडे आली. "माझा माणूस परत आणा," एवढंच म्हणाली. बाईंनी लेकीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि वकीलपत्र काढलं.

* * *

कोर्टानं लावलेल्या पहिल्या चौकशीचा निष्कर्ष : 'सैफुल नावाचा इसम ताब्यात कधीच नव्हता.'

बाईंनी चौकशी अधिकाऱ्यांना विचारलं, "साहेब, रुबिनानं तुमच्याच ऑफिसात नवऱ्यासाठी डबा पोचवला होता. तो रिकामा परत आला. मग जेवलं कोण?"

साहेबांनी प्यायला पाणी मागितलं!

* * *

मग दुसरी चौकशी. आता सैफुल ताब्यात होता, पण 'स्वखुशीने निघून गेला' होता. पाच शेजाऱ्यांचे जबाब जोडलेले, पाचही शब्दन् शब्द सारखे! बाई स्वतः वस्तीवर जाऊन आल्या. एक शेजारी म्हणाला, "सही तेवढी आमची हाय, बाई. वर काय लिव्हलंय ते आमाला कुटं दाखवलं?"

बाई कोर्टात म्हणाल्या, "सर, पाच जणांना इतकं एका सुरात आठवलं! अहो, आमच्या चर्चच्या क्वायरमध्येसुद्धा एखादा बेसूर निघतो."

जज्जसाहेबांनी हसू दाबलं आणि पथकाचा मूळ अहवाल मागवला.

* * *

अहवाल आला तो काळ्या मार्करनं रंगवून. गोपनीयता म्हणे! अधिकाऱ्यांची नावं झाकलेली, निम्मं पान काळं. रुबिनाचा मोबाईल नंबर आणि पत्ता मात्र ठळक उघडा! ती प्रत कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सोडली आणि बिचारीला घाणेरडे फोन यायला लागले. माझं तर डोकंच फिरलं होतं. बाई शांत. त्यांनी कोर्टाची परवानगी घेतली, मार्कर मागितला आणि प्रत्येक प्रतीवरचा नंबर आणि पत्ता कागदाच्या दोन्ही बाजूंनी झाकला.

"झाकायचं तर असं," त्या सरकारी वकिलांना म्हणाल्या. "तुमचं पान जरा उजेडात धरून बघा."

जज्जसाहेबांनीच ते खिडकीशी धरलं. काळ्याखालची ओळ स्वच्छ दिसत होती : 'कागदपत्रे पडताळली. सदर इसम भारतीय असल्याची खात्री झाली.' तारीख सैफुलला ढकलण्याच्या आदल्या दिवसाची!

* * *

सैफुल परत आला. लेक आधी ओळखेना, मग सोडेना. अशी बाई आपल्या बारमध्ये आहे याचा त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. बाररूममध्ये सगळ्यांना पेढे वाटून झाल्यावर बाईंनी सैफुलला विचारलं, "पलीकडं तुला कुणी काही विचारलं का रे?"

"इचारलं ना, बाई. तिकडच्या जवानानं बंदूक रोखली, कोन तू म्हनून. लई घाबरलो, बंगाली सुचंचना. तोंडातून आलं, 'आवं सायेब, मी नागापूरचा हाय!'"

"मग?"

"तो मागच्या जवानाला म्हनला, 'ह्यो आपला न्हाई!'"