दूध न ओढणारं बाळ

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाचं वजन केलं. अडीच किलोची मुलगी दोन किलो दोनशेवर आली होती. जन्मानंतर सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं. पण एवढं नाही.

दौंडच्या एका खासगी प्रसूतिगृहात मी तेव्हा सिस्टर इनचार्ज होते. बाळाला डाऊन सिंड्रोम होता, म्हणजे एकवीस नंबरचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. रक्ताचा रिपोर्ट यायचा होता, पण बालरोगतज्ज्ञ मॅडमना तपासतानाच खात्री पटली होती. अशा बाळांचे स्नायू सैल असतात, दूध ओढायला जोर पुरत नाही. बोंडल्यानं घोट घोट पाजावं लागतं, दर दोन तासांनी.

आई कोमल, वरवंडची, पहिलटकरीण. ती भिंतीकडं तोंड करून पडून होती. दूध काढू देत नव्हती. आम्ही वरचं दूध आणलं, की तिच्या सासूबाई हिराबाई बोंडलं हळूच बाजूला ठेवायच्या.

"सिस्टर, लई जबरदस्ती करू नगा," त्या म्हणाल्या. "देवाच्या मनात आसंल तर जगंल."

बाई दुष्ट नव्हती. तीन दिवस स्वतःही नुसत्या चहावर होती.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझ्या सलोमीबद्दल कोमलला सांगा, म्हणाल्या. माझी मुलगी सलोमी तेव्हा एकोणीस वर्षांची, तिलाही डाऊन सिंड्रोम. मी नको म्हटलं. केडगावला आमच्या चर्चमध्ये लोक म्हणतात, देव अशी लेकरं खास आईबापांनाच देतो. एकोणीस वर्षं मी त्यावर मान डोलावत आले. तेच वाक्य कोमलला ऐकवायची माझी तयारी नव्हती.

पण वजन समोर होतं. मी कॉटजवळ स्टूल ओढून बसले. मलाही अशीच मुलगी आहे, एवढंच सांगितलं. मग कोमलनं भिंतीकडं बघतच विचारलं,

"तवा तुम्ही देवाला काय मागितलं व्हतं?"

"हिला परत ने, असं मागितलं होतं. आठवडाभर, रोज."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकांनाही नाही.

हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी बी त्येच मागती हाय," त्या म्हणाल्या. "तीन दिस झालं."

कोमल कुशीवर वळली. सासूकडं बघत राहिली. मग उठून बसली आणि दूध कसं काढायचं ते मला विचारलं.

आईच्या दुधाचं पहिलं फीड पंधरा मिलीचं. पाऊण तास लागला. बाळाची हनुवटी हिराबाईंनी धरली होती. सहाव्या दिवशी वजन चढायला लागलं. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, छिद्र दिसलं. सहाव्या महिन्यात पुण्याला ऑपरेशन झालं. पोरगी आता पाच वर्षांची आहे. उशिरा चालली, उशिरा बोलली.

त्या दिवशी ड्यूटी संपवून घरी गेले, तेव्हा नवऱ्यालाही सांगितलं, सलोमीच्या जन्मानंतर मी देवाला काय मागत होते ते. तो भाजी निवडत होता.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "तू मोठ्यानं प्रार्थना करायचीस."

कौन्सिलिंगच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात, पेशंटला स्वतःचं काही सांगू नका. नियम योग्य आहे. नव्या सिस्टरांना मीही तोच शिकवते. त्याआधी एवढं बजावते, की काहीही झालं तरी फीडची वेळ टळू द्यायची नाही.