फोटोतून बाजूला केलेली सई

मी इंदिरानगरमधल्या एका छोट्या बालवाडीत शिकवते. आज जे केलं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

नव्या प्रवेशांच्या जाहिरातीसाठी मुलांचा फोटो काढायचा होता. आमच्या मदतनीस सुनीतामावशींची मुलगी सई माझ्याच वर्गात आहे. तिचा फ्रॉक विटका होता, नाक वाहत होतं. मी म्हटलं, “सई, तू जरा इकडे ये हं.”

ती आनंदाने उठली. तिला वाटलं, बाईंनी काहीतरी खास काम दिलंय. माझ्या शेजारी उभी राहून ती बाकीच्यांना सांगायला लागली, “हसा रे सगळे!”

सगळे हसले. फोटो छान आला. मागे वळले, तर दारात मावशी.

“मॅडम, आधी सांगितलं असतं तर चांगला फ्रॉक घातला असता तिला,” त्या हळूच म्हणाल्या.

नाक पुसायला एक रुमाल पुरला असता. तेच तर माझं काम! पण “चुकलं माझं” एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

तो फोटो मी पुसून टाकलाय. उद्या सईला घेऊन पुन्हा काढणार आहे, तसं सगळ्या पालकांना कळवलंय. पण उद्या मावशी सईला नवा फ्रॉक घालूनच आणतील, याचीच मला जास्त लाज वाटतेय. त्यांच्याशी काय बोलू, सांगाल?