हाय की

चौगुले मॅडम प्रवेशाच्या टेबलाशी बसल्या की मार्क विचारायच्या नाहीत. गाव कुठलं आणि घरात कसं बोलता, एवढंच. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात परदेशी भाषा निवडायची म्हणजे जर्मनपुढे ही रांग आणि जपानीपुढे मॅडम एकट्या. मी कागलची, तोंड आवळून शुद्ध बोलत होते. त्या म्हणाल्या, "अगं, कागलचं बोल की."

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जर्मनच हवी होती. आत्याचा मुलगा त्या भाषेवर नोकरीला लागला होता. मॅडमनी त्यांनाच धरलं. "पावणं, दूध आलं का, असं इचारता न्हवं? जपानी माणूसबी शेवटाला 'का'च लावतो. क्रियापदबी शेवटाला. आपल्यागत." आप्पा खूश. निम्मी भाषा घरातच आहे म्हणाले आणि माझा फॉर्म त्यांनीच भरला. मला मात्र धास्ती. जिला मराठीच धड बोलता येत नाही, ती जपानी काय बोलणार?

वर्गात त्या अस्सल कोल्हापुरीत जपानी शिकवायच्या. आवाज असा, की शेजारच्या वर्गातली मुलंही जपानीत मोजायला शिकली. कुणी गप्प बसलं की म्हणायच्या, "भाषा पोटात ठेवून उपेग न्हाय. चुका, पर बोला."

पहिली तोंडी परीक्षा घ्यायला एका कारखान्यात कामाला आलेले जपानी गृहस्थ बसले होते. त्यांनी जपानीत विचारलं, घर कागलला का? जपानीत 'हाय' म्हणजे हो. तेवढं म्हणून थांबावं की नाही! पण जिभेला वळण कागलचं. मी म्हणाले, "हाय की." आणि 'की' म्हणजे त्यांच्यात झाड. हो, झाड. ते बिचारे चष्मा सावरून खिडकीबाहेर झाड शोधायला लागले. दारातली मुलं खो खो हसली. मी रडत बाहेर आले आणि तिथंच, भाषा बदलून जर्मन मिळावी, असा अर्ज खरडला.

मॅडमनी तो वाचला, सही केली. वाटलं, सुटले. अर्ज माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "जायाचं तर जा. पर त्या माणसाला झाड म्हणून सांगितलंस, आन् कुठलं ते सांगितलंच न्हाईस. तेवढं सांगून ये."

गेले परत. डोळे पुसत, अडखळत सांगितलं, अंगणात फणस आहे, त्याखाली आमची म्हैस बांधतो. फणसाला शब्द सुचेना, तर हातांनी आकार दाखवला. गृहस्थांनी खुर्ची पुढे ओढली. फळ केवढं, म्हैस ते खाते का, प्रश्नावर प्रश्न! अर्धा तास कसा गेला कळलं नाही. माझं बोलणं कुणी इतकं मन लावून ऐकेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. कोण आनंद झाला म्हणून सांगू!

आज मी दुभाष्याचं काम करते. मॅडम गेल्या वर्षी निवृत्त होऊन उचगावला राहायला गेल्या. त्यांच्या सहीचा तो अर्ज अजून माझ्याकडेच आहे. द्यायचा राहिला.